पाण्याचा बाप्तिस्मा आणि तारण: वास्कोहून आलेल्या एका पत्राला उत्तर

तुम्ही पत्रात प्रश्न एकच विचारला आहे: पाण्याचा बाप्तिस्मा घेतल्याशिवाय माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, होते की नाही? पण पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर त्या एका प्रश्नामागे तीन माणसे उभी आहेत हे माझ्या ध्यानात आले. पहिली तुमची आजी, म्हणजे आईची आई. तिने गडहिंग्लजकडच्या घरात कित्येक वर्षे मराठी बायबल वाचले, येशूजवळ प्रार्थना केली, पण घरच्यांच्या धाकाने बाप्तिस्मा घेतला नाही, आणि गेल्या वर्षी ती वारली. दुसरे तुम्ही स्वतः. तुमचा बाप्तिस्मा कोल्हापूरच्या प्रोटेस्टंट मंडळीत तान्हेपणी झाला, आणि आता वास्कोतले प्रार्थनागटातले मित्र तुम्हाला सांगतात की तो बाप्तिस्माच नव्हे, समुद्रात पूर्ण बुडून नव्याने घेतल्याखेरीज तारण नाही. तिसरे तुमचे तीन महिन्यांचे बाळ. सासूबाईंना त्याचा बाप्तिस्मा फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आधी उरकायचा आहे, तर ते मित्र म्हणतात की कळत्या वयाआधी बाळाला हात लावू नका. या तिघांसाठी तीन निरनिराळी उत्तरे द्यावी लागतील, तरी त्यांचे मूळ एकच आहे.

मी धर्मगुरू नाही. माझे शिक्षण पेडण्यात मराठी शाळेत झाले, पुढे बार्देशात स्थायिक झालो, आणि गेली तीसेक वर्षे आमच्या फिर्गजेत (पॅरिशमध्ये) दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवण्याचे, बाळांच्या आईबापांची आणि मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी करून घेण्याचे काम करतो आहे. मी कॅथलिक आहे, तेव्हा बोलेन ते त्या शिकवणुकीत उभा राहून. तुमच्या मंडळीचे म्हणणे जिथे वेगळे आहे तिथे ते वेगळे म्हणूनच सांगेन.

माझे उत्तर असे: बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे, मात्र ही आवश्यकता आपल्यावर आहे, देवावर नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाच्या १२५७व्या परिच्छेदात नेमके हेच आहे. देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी जोडले आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, असा त्याचा आशय आहे. या वाक्याचा पहिला अर्धा भाग विसरणारे लोक बाप्तिस्म्याला नाव ठेवण्याचा समारंभ समजतात, आणि दुसरा अर्धा भाग विसरणारे लोक मेलेल्या माणसांवर निकाल देत सुटतात. मला दोन्ही प्रकारची माणसे भेटली आहेत, आणि त्यांतली बरीचशी भाविक होती.

शास्त्रवचनांकडे वळू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला सांगतो की पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय कोणालाही देवाच्या राज्यात प्रवेश करता येत नाही. आरंभीच्या शतकांतल्या मंडळीने हे वचन बाप्तिस्म्याविषयीच वाचले. 'पाणी' म्हणजे इथे आईच्या पोटातले पाणी, किंवा देवाचे वचन, असे अर्थ लावले जातात हे मला ठाऊक आहे, पण त्याच अध्यायात थोडे पुढे गेले की येशू शिष्यांसह राहून लोकांना बाप्तिस्मा देत असल्याचा उल्लेख येतो, तेव्हा ते अर्थ मला ओढूनताणून आणलेले वाटतात. मार्काच्या सोळाव्या अध्यायातले वचन तुमच्या मित्रांनी तुम्हाला ऐकवले असेलच: जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो तो तरेल. ते पुढे वाचा. जो विश्वास धरीत नाही तो दंडास पात्र ठरेल, एवढेच तिथे म्हटले आहे. 'जो बाप्तिस्मा घेत नाही' असे शब्द त्या दुसऱ्या अर्ध्यात नाहीत. मार्काचा हा शेवटचा भाग सर्वांत जुन्या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत आढळत नाही, म्हणून मी एकट्या त्याच्या आधारावर काही उभारत नाही, पण मंडळीने तो शास्त्र म्हणूनच स्वीकारला आहे आणि त्यातली ही रचना ध्यानात घेण्यासारखी आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रातले एक वचन तर दोन्ही बाजू अर्धे अर्धे वाटून घेतात. तिसऱ्या अध्यायाच्या २१व्या ओवीत पेत्र नोहाच्या जलप्रलयाची आठवण देऊन म्हणतो की त्याचे प्रतिरूप असलेला बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो. आमचे लोक इथे थांबतात. पुढे तो म्हणतो की तारतो म्हणजे अंगाचा मळ काढून नव्हे, तर शुद्ध विवेकाने देवाजवळ केलेल्या विनवणीमुळे, आणि तुमचे मित्र तिथून सुरुवात करतात. ओवी एकच आहे आणि ती शेवटी येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापाशी जाऊन टेकते. तारण करणारा तो आहे. बाप्तिस्मा त्याच्या मरणात आणि उठण्यात आपल्याला सामील करतो, असे पौल रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो.

मला स्वतःला या वादात सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायातली आहे. कर्नेल्य हा रोमी शताधिपती, यहुदी नसलेला, पण देवाचे भय बाळगणारा. पेत्र त्याच्या घरी जाऊन बोलत असतो, त्याचे बोलणे अजून संपलेलेही नसते, आणि ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो. पेत्राबरोबर आलेले यहुदी विश्वासणारे चकित होतात, कारण या घरात कोणाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. आता इथे दोन सोपे निष्कर्ष काढता आले असते. आत्मा आधीच मिळाला, तेव्हा पाण्याची गरज उरली नाही, हा एक. पाणी झाले नाही, तेव्हा हा आत्मा खरा नसावा, हा दुसरा. पेत्र दोन्ही टाळतो. तो विचारतो की आपल्याप्रमाणेच ज्यांना पवित्र आत्मा मिळाला त्यांच्या बाप्तिस्म्याच्या पाण्याला कोण मना करील? आणि त्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा करतो. देव पाण्याच्या आधी आला, तरी पेत्राने पाणी मागवलेच. जो कोणी मला म्हणतो की माझा विश्वास आहे, मग पाणी कशाला, त्याला मी कर्नेल्याच्या घरी पाठवतो. बाप्तिस्म्याविना मेलेल्यांबद्दल जो कोणी छातीठोकपणे बोलतो, त्यालाही त्याच घरी पाठवतो.

क्रुसावरच्या चोराचे उदाहरण तुम्ही दिले आहे. आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असे येशू त्याला म्हणाला आणि तिथे पाणी नव्हते. काहीजण याला उत्तर देतात की बाप्तिस्म्याची आज्ञा पुनरुत्थानानंतरची आहे, म्हणून चोराला ती लागू नव्हती. ते बरोबर आहे, पण मला ते वकिली उत्तर वाटते. त्या माणसाजवळ बाप्तिस्मा घेण्याची कोणतीच सोय नव्हती. हात खिळलेले होते. होते तेवढे त्याने दिले. त्याच्यावरून फार तर एवढे सिद्ध होते की ज्याला पाणी मिळणे शक्य नव्हते त्याला ख्रिस्त परत पाठवत नाही. ज्याच्या दारात विहीर आहे आणि ज्याला बाप्तिस्म्याचा अर्थ कळलेला आहे, त्याने चोराचे नाव पुढे करू नये.

इथून मी तुमच्या आजीकडे येतो. पत्रात तुम्ही तिच्याविषयी चारच ओळी लिहिल्या आहेत, पण बाकीचे सारे पत्र तिच्यासाठी आहे असे मला वाटले.

इ. स. ३९२ मध्ये रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन एकविसाव्या वर्षी मरण पावला. तो उपदेशार्थी होता, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारा. मिलानचे बिशप आंब्रोज यांना त्याने बोलावणे धाडले होते, पण ते पोहोचण्यापूर्वीच तो गेला. त्याच्या बहिणी याच विचाराने खचल्या होत्या की भाऊ बाप्तिस्म्याविना गेला. आंब्रोज यांनी अंत्यविधीच्या भाषणात त्यांना सांगितले की त्याने ज्याची इच्छा केली, जे मागितले, ते त्याला मिळाले आहे. हे बोलणारा माणूस बाप्तिस्म्याला हलके लेखणारा नव्हता. त्या काळातल्या बाप्तिस्म्याच्या विधींवर त्याने दिलेली प्रवचने आजही आम्ही अभ्यासतो. पुढे याच विचाराला 'इच्छेचा बाप्तिस्मा' असे नाव पडले, आणि विश्वासासाठी पाण्याआधीच प्राण देणाऱ्यांच्या बाबतीत 'रक्ताचा बाप्तिस्मा' असे म्हटले गेले. १५४७ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा ऐच्छिक आहे असे म्हणणाऱ्यांचा कडक निषेध केला. त्याच वर्षी त्याच सभेने, माणूस पापातून कृपेच्या स्थितीत कसा येतो हे सांगताना, 'बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा' असे शब्द योजले. आजच्या धर्मशास्त्रानुसार उपदेशार्थी मेला तर त्याचा अंत्यविधी विश्वासणाऱ्याप्रमाणेच होतो.

तुमची आजी रीतसर उपदेशार्थी नव्हती, कोणत्या रजिस्टरात तिचे नाव नव्हते, हे मला कळते. पण ज्या इच्छेविषयी आंब्रोज बोलत होते ती रजिस्टरात मावणारी नाही. तुमच्याच घरच्या परंपरेतून पाहायचे तर, कोल्हापूरची मंडळी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभी राहिली. त्या परंपरेचा जो सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर विश्वासनामा आहे, त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात म्हटले आहे की या विधीचा अव्हेर करणे किंवा त्याकडे दुर्लक्ष करणे हे मोठे पाप आहे, तरी कृपा आणि तारण त्याला इतके चिकटलेले नाही की त्याच्याविना कोणाचा नवा जन्मच होऊ नये. म्हणजे रोम आणि वेस्टमिन्स्टर, ज्यांचे इतर पुष्कळ बाबतींत जमले नाही, ते इथे फार लांब नाहीत.

मराठी माणसांनी हा प्रश्न अंगावर काढलेला आहे. १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेणारे बाबा पदमनजी काय, किंवा १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक काय, त्या एका दिवसासाठी त्यांनी घरदार, जात, माणसे पणाला लावली होती. त्या टिळकांनीच आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तशिष्यांना एकत्र बसवले. स्वतः एवढी किंमत मोजलेल्या माणसाने बाप्तिस्मा स्वस्त केला असे म्हणता येत नाही. तुमच्या आजीसारखी माणसे त्यांनी जवळून पाहिली होती, एवढे मात्र नक्की. पंडिता रमाबाईंचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी लिहिले की आठ वर्षांनंतर त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे रमाबाईंचा बाप्तिस्मा त्या आठ वर्षांत खोटा नव्हता. बी पडलेले होते, उगवायला वेळ लागला. म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा पाण्यात उतरण्याची गरज नव्हती.

आजीच्या तारणाचा दाखला मी तुम्हाला देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही. त्याच न्यायाने ती बुडाली असा दाखलाही कोणाला देता येत नाही. तुम्ही कॅथलिक पत्नीबरोबर चर्चमध्ये जाता, तर आजीच्या नावाने मीस, म्हणजे मिस्साची प्रार्थना, सांगा. आमच्या फिर्गजेत अशा मिशी होतात आणि व्हिगार, म्हणजे फिर्गजेचे मुख्य धर्मगुरू, ख्रिस्ती मृतांप्रमाणेच ते नाव वाचतात.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न. मित्रांचा मुद्दा दोन भागांत आहे: शिंपडणे म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, आणि तान्ह्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा नव्हे.

पहिल्याविषयी. 'बाप्तिस्मा' हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा मूळ अर्थ बुडवणे हाच आहे, यात वाद नाही. पण लूकच्या अकराव्या अध्यायात येशू जेवणाआधी हातपाय धुत नाही याचे परुश्याला आश्चर्य वाटते, तिथेही तेच क्रियापद वापरले आहे, आणि जेवायला बसणारा माणूस काही तळ्यात बुडी मारून येत नाही. नव्या करारानंतरच्या अगदी जुन्या लेखनांपैकी एक असलेल्या दिदाखे या छोट्या पुस्तिकेत सूचना आहे की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट पाण्यात, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. हा क्रम मला आवडतो. बुडवण्याला पहिला मान आहे, पण ओतण्याला नकार नाही. आजच्या कॅथलिक विधीतही बुडवणे आणि ओतणे या दोन्हींना मुभा आहे, आणि बुडवून दिलेल्या बाप्तिस्म्यात मरण आणि उठणे अधिक स्पष्ट दिसते हे मी वर्गात मोकळेपणाने सांगतो. पाणी मात्र पाणीच हवे. १२४१ साली नॉर्वेतल्या आर्चबिशपांनी विचारले होते की पाण्याअभावी बिअरने दिलेला बाप्तिस्मा चालेल का, आणि पोप नववे ग्रेगरी यांनी चालणार नाही असे कळवले. गोव्यातून अजून कोणी फेणीबद्दल विचारलेले नाही, हे नशीब.

पाण्याबरोबर शब्द लागतात: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. कोल्हापूरच्या मंडळीत हेच शब्द म्हटले जातात, म्हणून तुमचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही खरा मानते. तुम्ही उद्या कॅथलिक झालात तरी तुमच्या डोक्यावर पुन्हा पाणी घातले जाणार नाही. हे औदार्य आजकालचे नाही. तिसऱ्या शतकात पाखंडी लोकांनी दिलेल्या बाप्तिस्म्यावरून कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे पोप स्टीफन यांच्यात कडाक्याचा वाद झाला. सिप्रियन म्हणत, चर्चबाहेर बाप्तिस्मा नाही, तेव्हा नव्याने द्या. स्टीफन म्हणत, पुन्हा देऊ नका. मंडळीने शेवटी स्टीफन यांची बाजू घेतली, आणि सुमारे दीडशे वर्षांनी बिशप ऑगस्टीन यांनी दोनातपंथीयांशी (बाप्तिस्मा देणारा अपात्र असेल तर तो बाप्तिस्मा खरा नव्हे असे मानणाऱ्यांशी) वाद घालताना त्यामागचे कारण नीट मांडले: पेत्र बाप्तिस्मा देवो वा यहूदा देवो, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच असतो. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या चांगुलपणावर तो टिकून असता, तर माझ्यासकट कोणालाच रात्री झोप लागली नसती.

मित्रांच्या गटात कोणते शब्द वापरतात हे मात्र विचारून घ्या. काही गट केवळ 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देतात आणि त्रैक्याचे नाव घेत नाहीत. असे बाप्तिस्मे कॅथलिक चर्च मानत नाही, आणि माझ्या माहितीत तुमची मूळ मंडळीही अशा शिकवणुकीची नाही.

दुसरा मुद्दा, तान्ह्याचा. त्याचा इतिहास तुमच्या मित्रांना वाटतो त्याहून आदरणीय आहे आणि आमच्या लोकांना वाटतो त्याहून गुंतागुंतीचाही. प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात लुदिया 'तिच्या घरच्यांसह' बाप्तिस्मा घेते, तुरुंगाचा अधिकारी रात्रीच्या रात्री 'सर्व माणसांसह' घेतो. त्या घरांत तान्ही मुले होती असे लिहिलेले नाही, नव्हती असेही लिहिलेले नाही. इ. स. २००च्या आसपास तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक लहानग्यांचा बाप्तिस्मा लांबवा असा सल्ला देतो, यावरून एवढे कळते की तो तेव्हा दिला जात होता. चौथ्या शतकात तर पुष्कळ मोठी माणसेच तो लांबवीत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ साली मरणशय्येवर घेतला, कारण बाप्तिस्म्यानंतरच्या पापाचे भय होते. तान्हेपणीचा बाप्तिस्मा नाकारून मोठ्यांना नव्याने बाप्तिस्मा देण्याची ठळक सुरुवात १५२५ साली झुरिचमध्ये झाली. त्या लोकांना फार छळ सोसावा लागला, त्यांच्यातल्या फेलिक्स मांट्सला १५२७ मध्ये तिथल्या लिमात नदीत बुडवून मारले. ख्रिस्ती सत्तेने पाण्याचा असाही उपयोग केला आहे, आणि ती लाज आमची आहे. तरीही मी त्यांच्या निष्कर्षाशी सहमत नाही. १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये बाप्टिस्टही सामील झाले, आणि त्या चर्चने तान्ह्यांचा व कळत्यांचा असे दोन्ही बाप्तिस्मे आपल्या छताखाली मान्य केले. मतभेद असूनही एका घरात राहता येते, याचे उदाहरण तुमच्याच बाजूला आहे.

मित्र कदाचित एफेसच्या बारा शिष्यांकडे बोट दाखवतील. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात पौल त्यांना पुन्हा बाप्तिस्मा देतो हे खरे, पण त्यांचा आधीचा बाप्तिस्मा येशूआधी लोकांना बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा होता, पश्चात्तापाचा होता, येशूच्या नावाचा नव्हता. गोव्यात हा फरक समजावायला मला कष्ट पडत नाहीत. दरवर्षी २४ जूनला सांजांवच्या, म्हणजे याच योहानाच्या सणाच्या, दिवशी डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घालून पोरे विहिरींत उड्या टाकतात. योहानाने आईच्या पोटात आनंदाने उडी मारली होती, तिची ती आठवण. वर्गातले एखादे कार्टे दरवर्षी विचारतेच, की सर, मी तीनदा उडी मारली, तर माझा तीनदा बाप्तिस्मा झाला का? त्याला मी सांगतो, योहानानेही पुष्कळांना पाण्यात उतरवले आणि तो स्वतः म्हणाला की माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्याने बाप्तिस्मा करील.

तर समुद्रात उतरू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जे झाले आहे ते पुन्हा करणे म्हणजे पहिल्या वेळी देवाने आपले काम केले नाही असे म्हणणे. तुमचा विश्वास आता जागा झाला असेल तर कॅथलिक लोक पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री हातात पेटती मेणबत्ती धरून बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी करतात, तिथे पत्नीबरोबर उभे राहा.

राहता राहिले बाळ. कॅथलिक धर्मशास्त्र आईबापांना सांगते की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा करून घ्यावा, आणि मूल मरणाच्या धोक्यात असेल तर विनाविलंब. सासूबाईंच्या घाईमागे मात्र फेस्तापेक्षा जुनी भीती आहे, आणि तिची थट्टा करू नका. त्यांच्या आईच्या पिढीत बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला पवित्र केलेल्या जमिनीत जागा मिळत नसे, आणि ते 'लिंबो'त जाते, म्हणजे दुःख नसलेल्या पण देवदर्शनही नसलेल्या ठिकाणी, असे शिकवले जाई. लिंबो हा कधीच श्रद्धेचा ठरलेला सिद्धांत नव्हता, ते धर्मपंडितांचे मत होते. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत असे म्हटले आहे. 'आशा' म्हटले आहे, 'खात्री' नव्हे, आणि त्या शब्दनिवडीत मला प्रामाणिकपणा दिसतो. आता अशा बाळाचा अंत्यविधीही बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये होऊ शकतो, आईबापांना बाप्तिस्मा करायचा होता एवढे पुरते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरच्या एका जोडप्याचे बाळ सातव्याच महिन्यात जन्मले. पहाटेच्या सुमारास डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखे सांगितले. बापाला पोहोचायला तास लागणार होता, आई उठू शकत नव्हती, आणि ड्युटीवरची परिचारिका हिंदू होती, सत्तरी तालुक्यातली. आईने तिला विचारले, तू करशील का? आवश्यक प्रसंगी कोणीही माणूस, ख्रिस्ती नसलेलासुद्धा, चर्च जे करते ते करण्याच्या हेतूने बाप्तिस्मा देऊ शकतो, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण आईला मी दोतोर्नमध्ये शिकवलेले आठवत होते. परिचारिकेने काचेच्या पेटीत हात घातला, निर्जंतुक पाण्याची सिरिंज बाळाच्या कपाळावर दाबली, आणि आईने सांगितलेले शब्द एकेक करून मराठीत म्हटले. बाळ वाचले. तीन महिन्यांनी ते चर्चमध्ये आणले तेव्हा व्हिगारांनी त्या परिचारिकेला बोलावून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले: शब्द काय म्हटले, आणि पाणी वाहिले का? ती म्हणाली, "वाहिले की, फादर. कानामागे ओघळले ते मी कापसाने टिपले." त्यानंतर व्हिगारांनी बाळावर पाणी घातलेच नाही. टाळूवर पवित्र तेल लावले, पांढरे वस्त्र दिले, पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून बापाच्या हातातली मेणबत्ती पेटवली. काकवा नाराज झाल्या, पाण्याशिवाय कसला बाप्तिस्मा, म्हणून. रजिस्टरात बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात त्या परिचारिकेचे नाव आहे.

तुमच्या घरातला वाद पाहता एक गोष्ट जोडतो. गोव्यात बाप्तिस्मा हा शब्द निरागस नाही. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये १५३२ सालचे बाप्तिस्मापात्र अजून आहे. त्या शतकात इथे कित्येकांनी मनापासून बाप्तिस्मा घेतला आणि कित्येकांनी जमीन, हक्क, मुलेबाळे वाचवण्यासाठी. १५६७च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने धाकदपटशाने कोणाला विश्वासात आणू नये असे म्हटले, पण देवळे पाडली जात होती आणि १५६०पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा तपास करून शिक्षा देणारे न्यायालय, बसलेले होते, तेव्हा त्या वाक्याला गावात किती वजन होते हे सांगायला नको. मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्याला त्याची स्वतःची इच्छा लागते, हे चर्चचे जुनेच मत आहे. म्हणून ज्या घरात बाळाच्या बाप्तिस्म्यावरून कोणी कोणाला दटावत असेल तिथे मी आधी सगळ्यांना बसवतो. तुमच्या पत्नीने लग्नाच्या वेळी मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन असे वचन दिले असणार, आणि तुम्हाला ते सांगितले गेले असणार. ते वचन तिचे आहे, सासूबाईंचे नाही. तुम्ही दोघांनी ठरवा. माझे मत विचाराल तर करून घ्या, फेस्ताआधी की नंतर याला महत्त्व देऊ नका, आणि रमाबाईंची आठ वर्षे आठवून त्याला पुढे येशूची ओळख करून देण्याचे काम तुमच्याकडे घ्या. तुम्ही प्रोटेस्टंट आहात ही अडचण नाही. आईबापांपैकी एकाची संमती आणि मूल विश्वासात वाढेल अशी वाजवी आशा एवढे चर्च मागते.

धर्ममाता किंवा धर्मपिता यांपैकी एकजण तरी सोळा वर्षे पूर्ण झालेला, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेला कॅथलिक लागेल. तुमच्या कोल्हापूरच्या बहिणीला उभे करायचे असेल तर ती त्याच्याबरोबर साक्षीदार म्हणून उभी राहू शकते, तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला सोबत आणा. तुमचाही आणा. तुम्ही लिहिले आहे की तो सापडत नाही. आईला सांगा, मंडळीच्या पाळकांकडे जन्मसाल आणि आजोबांचे नाव देऊन रजिस्टर बघायला लावायचे. अशी रजिस्टरे बहुधा कपाटाच्या खालच्या खणात असतात आणि पाने वाळवीने खाल्लेली असली तरी नावे लागतात.